संस्थापकांच्या कोटावरचा बिल्ला

शनिवार, २ सप्टेंबर २०००

आजपासून लिहायचं, आणि मराठीतच. इंग्रजीत लिहिलं तर मुलं, ट्रेसी आणि ट्रॉय, वाचतील. मराठी त्यांच्या कानावर पडते तेवढीच, अक्षर एक ओळखत नाहीत. डॉलीला वाचता येतं, पण लग्नाच्या सोळा वर्षांत माझ्या मनात काय चाललंय हे जाणून घ्यायची हौस तिला कधी दिसली नाही.

लिहायला कारण घडलंय. आमच्या कारखान्याचे जर्मन प्रमुख लांगेसाहेब, त्यांनी केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. टॉर्नवाल्ड कंपनीला पंचाहत्तर वर्षं होतायत. दोन नोव्हेंबरला इथे गल्फमध्ये, हमरियाच्या कारखान्यात मोठं फंक्शन. जर्मनीहून मालक येणार, म्हणजे संस्थापकांचा नातू. "सगळं तू बघायचं, कॅस्मिर. नीट पार पडलं तर त्याच स्टेजवर तुझं नाव पर्सोनेल मॅनेजर म्हणून सांगतो."

कारखाना सुरू झाला तेव्हापासून मी ऑफिसरच आहे. व्हिसा मी बघायचे, कामगार राहतात त्या कॅम्पमधली भांडणं मी सोडवायची, रजा मी लिहायच्या आणि मॅनेजर म्हणून कोणीतरी कालचा आलेला मिरवायचा. वसईला माझा भाऊ केळीच्या वाडीत उभा राहून लोकांना सांगतो की कॅस्मिर गल्फमध्ये मॅनेजर आहे. मी त्याला कधी खोडलं नाही. आता खोडायची गरज पडणार नाही.

दुपारी जर्मनीहून लाकडी खोकं आलं. साहेबांनी तिकडे कळवलं होतं, संस्थापकांचं काहीतरी पाठवा. तिथल्या कोणी गोदामातून हाताला लागलं ते पाठवलेलं दिसतं: फ्रेम केलेला मोठा फोटो आणि एक जुनी इंग्रजी पुस्तिका. फोटोत गेऑर्ग टॉर्नवाल्ड, डोक्याला टक्कल, ओठ घट्ट मिटलेले. कोटावर एक बिल्ला. पंख पसरलेला गरुड, त्याच्या पायांत पानांचं गोल कडं आणि खाली लांबलचक जर्मन शब्द. कड्याच्या आतला भाग मात्र फोटोवरून खरवडलेला आहे, तिथे नुसता पांढरा डाग.

साहेबांना विचारलं. ते लांबूनच बघत म्हणाले, "त्या काळी मोठ्या उद्योगपतींना सरकार द्यायचं. मान होता. सगळ्यांना नाही मिळायचा." डागाचं विचारलं तर म्हणाले जुना फोटो आहे, आणि फोन घ्यायला गेले.

तिथेच मला सुचलं. असाच बिल्ला करून घ्यायचा आणि आपल्या चांगल्या कामगारांना स्टेजवर लावायचा! सरकारने संस्थापकांना मान दिला, कंपनी आपल्या माणसांना देईल. साहेब म्हणाले, "व्हेरी गुड. यल्ला, कर." एवढी चांगली कल्पना मला कितीतरी दिवसांत सुचली नव्हती.

मंगळवार, ५ सप्टेंबर

सोमनाथ गुरव खिडकीवर आला होता. संगमेश्वरकडचा. आमच्याकडे लोखंडी व्हॉल्व्ह जस्तात बुडवण्याआधी ॲसिडच्या टाकीत धुतात, त्या टाकीवर तो आणि त्याचा मेहुणा रामचंद्र असतात. टाकीवरचा वाफ ओढणारा पंखा जुलैपासून बंद आहे. पार्ट जर्मनीहून यायचाय. गॉगल दिलेत, पण वाफेने धुरकटतात म्हणून पोरं ते कपाळावर चढवून काम करतात.

डोळे टोमॅटोसारखे लाल. म्हणाला, "साहेब, डाव्या डोळ्यापुढं सारखं धुकं असतं. सकाळी पापण्या सोडवाव्या लागतात. माझी सुट्टी जूनमध्येच ड्यू झालीय. मुंबईत बहिणीच्या ओळखीचे डोळ्यांचे डॉक्टर आहेत, ते म्हणतात लगेच या. माझा पासपोर्ट द्या."

सगळ्यांचे पासपोर्ट माझ्या खुर्चीमागच्या लोखंडी कपाटात असतात. ठेवू नयेत असा नियम आहे म्हणे, पण इथे कोण ठेवत नाही? कॅम्पमध्ये हरवतात, म्हणून आम्ही सांभाळतो. सोमनाथला मी फर्स्ट-एडच्या पेटीतले थेंब दिले आणि म्हणालो, बघतो. हा "बघतो" माझ्या फार उपयोगी पडतो. माणूस तेवढ्यावर परत जातो.

शुक्रवार, ८ सप्टेंबर

शुक्रवारची सुट्टी. चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर जेवणाच्या टेबलावर भाषण लिहायला बसलो. मालकांसमोर संस्थापकांचं चरित्र मी वाचायचंय. पुस्तिका पन्नास सालची आहे, गिऱ्हाइकांसाठी छापलेली. त्यात लिहिलंय की "अडचणीच्या वर्षांत" कारखाना एक दिवस बंद राहिला नाही. पूर्वेकडच्या देशांतून हजारावर परदेशी कामगार आले होते. त्यांच्यासाठी कारखान्याला लागूनच बराकी बांधल्या, त्यांची कागदपत्रं हरवू नयेत म्हणून ऑफिसात जपून ठेवली आणि नाताळला संस्थापक स्वतः बराकीत जाऊन सफरचंदं वाटून आले.

मला भरून आलं. हे तर थेट आमचंच वर्णन. परमुलखातून आलेली माणसं, कॅम्प, कपाट. गेल्या नाताळला मीही लांगेसाहेबांना घेऊन कॅम्पमध्ये केक वाटायला गेलो होतो. साठ वर्षांपूर्वी तिकडे माझ्याच जागी कोणीतरी बसत असेल, आणि माझ्यासारखंच त्यालाही कोणी विचारत नसेल. हे सगळं भाषणात घेतलं.

ट्रेसी सरबत प्यायला आली आणि फोटोची कॉपी उचलून बघत बसली. बिल्ल्यावरच्या शब्दाचं शेवटचं टोक तिने बोटाने दाखवलं. "डॅडी, दॅट्स हिटलर्स वर्ड. फ्युरर." नववीत गेल्यापासून तिला सगळ्यात इतिहास दिसतो. मी म्हटलं, लांगेसाहेबांनी सांगितलंय, जर्मनमध्ये इंजिन ड्रायव्हरलाही फ्युररच म्हणतात, टुरिस्ट गाइडलाही. पुढारी, एवढाच अर्थ. "देन व्हाय डिड दे स्क्रॅच इट?" म्हणाली.

मी तिच्यावर ओरडलो. ती ग्लास तसाच ठेवून निघून गेली.

सोमवार, ११ सप्टेंबर

सोमनाथला क्लिनिकमध्ये पाठवलं होतं. डॉक्टर हलिमांचा मलाच फोन आला. सरळ बोलणारी बाई. "मिस्टर कॅस्मिर, ॲसिडच्या वाफेने याचं बुबुळ जळतंय. आजच टाकीवरून काढा आणि स्पेशालिस्टकडे पाठवा, इथे किंवा इंडियात. आत्ता गेला तर डोळे वाचतील. दोन महिन्यांनी मला विचारू नका."

मी साहेबांकडे गेलो. हे लिहून ठेवतो, कारण मी गेलो होतो. साहेब म्हणाले, अबू धाबीची ऑर्डर एकतीस ऑक्टोबरला बोटीवर चढली पाहिजे, टाकीचं काम त्या दोघांशिवाय कोणाला जमत नाही, शिपमेंट झाली की खुशाल जाऊ दे. "तू मॅनेजर होणार आहेस ना? मग मॅनेजरसारखा विचार कर."

मी "यस सर" म्हणालो. थोडं ताणून धरता आलं असतं. डॉक्टरांचं बोलणं शब्दाला शब्द सांगता आलं असतं, ते मी बरंच मवाळ करून सांगितलं.

सोमनाथला सांगितलं, डॉक्टर म्हणाल्या थेंब घालत राहा, फरक पडेल. तो "थँक्यू साहेब" म्हणाला.

गुरुवार, २१ सप्टेंबर

रोल्याच्या बाजारात लियाकतच्या दुकानात गेलो होतो. शाळांच्या ट्रॉफ्या, क्रिकेटचे कप आणि बिल्ले करणारा म्हातारा. त्याने भिंग लावून फोटो बघितला. "साहब, इस गोले के अंदर क्या डालूँ? यहाँ से तो किसी ने कुछ मिटाया है।"

मी म्हटलं, व्हॉल्व्हचं चाक टाका. ते आमचं कंपनीचं चिन्हच आहे.

"जिसने मिटाया, कुछ सोच के ही मिटाया होगा।"

"चाचा, तुम बनाओ ना।"

जर्मन शब्द जसाच्या तसा ठेवायला सांगितला. उठावाच्या अक्षरांत भारदस्त दिसतो. पंचवीस नग. शिफ्ट लीडर, फोरमन आणि एक माझा.

रविवार, १ ऑक्टोबर

नमुना आला. जुन्या चांदीचा रंग. कोटाला लावून आरशात पाहिलं. ट्रॉय म्हणाला, "कूल, लाइक अ पायलट." बरं वाटलं.

मंगळवार, १० ऑक्टोबर

सोमनाथ आज टाकीत पडता पडता वाचला. क्रेनचा हूक धरायला गेला तो हवेतच हात मारून पुढे झुकला. रामचंद्रने पट्टा धरून मागे ओढला. गेला आठवडाभर दोघांचं काम रामचंद्र एकटाच करतोय आणि सोमनाथ शेजारी नुसता उभा राहतोय, हे मला आज कळलं. फोरमनला माहीत होतं.

जेवणाच्या सुट्टीत रामचंद्र खिडकीवर आला. हा सोमनाथच्या बायकोचा, आशाचा भाऊ. सोमनाथसारखा गरीब स्वभाव नाही. "साहेब, डावा डोळा गेला त्याचा. बोटं मोजता येत नाहीत. उजवा अजून हाय थोडा. किती दिवस बघतो-बघतो करणार?"

मी म्हणालो, तीन आठवडे काढ, शिपमेंट झाली की पहिला तोच जाईल, इन्शाल्ला.

"तुमचा डोळा असता तर थांबला असतात?"

मी त्याला तोंड सांभाळून बोल म्हणालो. माझी काय चूक आहे यात? पंखा मी बंद पाडला का? ऑर्डर मी घेतली का? साहेब वर बसलेत, पोरं खाली उभी आहेत आणि शिव्या खायला मधे कॅस्मिर.

घरी हे सगळं डॉलीला सांगितलं, माझी बाजू तरी कोणी ऐकेल म्हणून. तीही हॉटेलच्या रिसेप्शनवर दिवसभर उभी राहून आलेली. पाय पाण्यात सोडून ऐकत होती. सगळं ऐकल्यावर म्हणाली, "कपाटाची किल्ली कोणाकडे असते?"

मी म्हटलं तुला ऑफिसचं काही कळत नाही.

"नसेल कळत. मी किल्ली विचारली."

मी उठून टीव्ही लावला.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

एक चांगली गोष्ट केली. बिल्ल्यांच्या नावांत सोमनाथचं नाव घातलं. खरं तर तो लीडर नाही, पण टाकीवर चार वर्षं काढली. मालकांच्या हस्ते बिल्ला लागेल, फोटो निघेल, गावी दाखवील. त्याची समजूत पटेल. साहेबांनाही आवडलं. फक्त म्हणाले, मग फंक्शनपर्यंत त्याला इथेच ठेव, बिल्लेवाले सगळे स्टेजवर दिसले पाहिजेत.

म्हणजे आणखी दोन दिवस. त्याने काय फरक पडतो.

सोमनाथला सांगितलं तेव्हा तो आवाजाच्या दिशेने वळून हसला. "माझं नाव तुम्ही दिलंत?" मी हो म्हणालो. "आशाला फोन करून सांगतो," म्हणाला. हे लिहिताना मला बरं वाटायला हवं होतं. वाटत नाहीये.

गुरुवार, २ नोव्हेंबर

नीट लिहितो, म्हणजे नंतर कोणी काही म्हणालं तर माझ्याजवळ असेल.

मांडव झक्कास झाला होता. संस्थापकांचा फोटो मधोमध, हार घातलेला. अरब गिऱ्हाईक वेळेवर आले. डॉक्टर टॉर्नवाल्ड, म्हणजे नातू, पन्नाशीचा, शाळामास्तरासारखा साधा माणूस. गाडीतून उतरला, सगळ्यांशी हात मिळवले आणि मांडवात शिरताच फोटोसमोर थांबला. जेट लॅग असेल असं मला वाटलं.

मी भाषण वाचलं. बराकी, जपून ठेवलेली कागदपत्रं, नाताळची सफरचंदं. "आणि हीच परंपरा आम्ही हमरियात चालवतो" या वाक्यावर टाळ्या मिळाल्या. नातू सोडून सगळ्यांनी वाजवल्या. तो लांगेसाहेबांच्या कानाशी काहीतरी बोलत होता आणि साहेबांचे कान लाल होत चालले होते.

मग बिल्ले. ट्रे घेऊन मी नातवापुढे धरला. त्याने एक उचलला, शब्द वाचला आणि बिल्ला ट्रेमध्ये पालथा ठेवला. "आय कॅनॉट डू धिस," म्हणाला आणि स्टेजवरून उतरून सरळ गाडीत जाऊन बसला. मांडवात सगळ्यांना वाटलं त्याची तब्येत बिघडली. साहेबांनी माझ्याकडे न बघता ट्रे ओढून घेतला आणि घाईघाईने स्वतः बिल्ले लावत सुटले.

सोमनाथला रामचंद्रने धरून आणलं. साहेबांनी बिल्ला लावून हात पुढे केला. सोमनाथला तो दिसला नाही. साहेबांचा हात तसाच राहिला आणि फोटोग्राफरने नेमका तेव्हाच फ्लॅश मारला. मागच्या रांगेतली पोरं हसली, मग गप्प झाली.

माझं नाव कोणी जाहीर केलं नाही. बिर्याणी उरली ती कॅम्पवर पाठवली.

शनिवार, ४ नोव्हेंबर

आता सगळं कळलं. लांगेसाहेबांनी सांगितलं नाही, नातवाने सांगितलं. मला हॉटेलवर बोलावून घेतलं होतं. चहा दिला. आवाज चढवला नाही.

तो बिल्ला हिटलरच्या सरकारने दिलेला. लढाईला लागणारा माल कारखान्यांतून खंड न पडता निघावा म्हणून मोठमोठ्या कारखानदारांना ती पदवी आणि बिल्ला देत. गरुडाच्या पायातल्या कड्यात त्यांचं चिन्ह होतं. लढाई हरल्यावर ते खरवडून फोटो पुन्हा भिंतीवर लावला, पुढे शरम वाटायला लागली तेव्हा गोदामात टाकला. आणि ते परदेशी कामगार पकडून आणलेले होते. पोलंडचे, रशियाचे. त्यांना बराकीत कोंडलं होतं. आजारी पडले तरी सुटका नव्हती. किती मेले ते नातवालाही धड माहीत नाही. "माझे आजोबा सफरचंदं वाटायचे, हे मीही लहानपणी ऐकलंय," तो म्हणाला. "मला ते ऐकून अभिमान वाटायचा."

तिकडच्या जुन्या कंपन्या मिळून आता त्या लोकांसाठी फंड काढतायत. जे थोडे म्हातारे जिवंत आहेत त्यांना भरपाई मिळणार. टॉर्नवाल्ड कंपनीही त्यात आहे. आणि नेमक्या त्याच वर्षी मी पंचवीस बिल्ले पाडून ठेवले.

ऑफिसात आलो तर लांगेसाहेबांनी हात झटकलेले. "मी फक्त कामगारांना काहीतरी दे म्हणालो होतो. डिझाइन याचं." मॅनेजरची गोष्ट खलास. नोकरी राहिली, कारण माझं काम करायला दुसरं कोणी तयार नसतं. बिल्ले सगळ्यांकडून गोळा करून भट्टीत टाकायचे.

कोपराला गूळ लावून मला दोन महिने नाचवलं आणि शेवटी बळीचा बकरा मीच! मला जर्मन येतं का? त्यांच्या पापाचा बिल्ला त्यांना ओळखू आला नाही, तो वसईच्या माणसाने ओळखायचा होता?

ट्रेसीला सांगितलं. ती "आय टोल्ड यू" म्हणाली नाही. उठून अभ्यासाला बसली. त्यापेक्षा म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

सोमनाथ गावी गेला. पासपोर्ट दिला तेव्हा व्हिसाही रद्द करून दिला. कामाला अनफिट, असं लिहावं लागलं. डॉक्टर हलिमांनी शेवटचा कागद माझ्या हातात दिला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. डावा डोळा पूर्ण गेलाय. उजव्याने उजेड आणि अंधार कळतो.

त्याच्या शर्टावरचा बिल्ला मी काढून घेतला. "का हो साहेब?" म्हणाला. मी म्हणालो, चुकीचे आले होते, दुरुस्त करायचेत. त्याच्यासोबत कोणाला तरी जायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. रामचंद्रने मागितलं होतं, साहेब नको म्हणाले, टाकी रिकामी राहील. पंखा अजून आलेला नाही. विमानात कोणीतरी शेजारी बसलेला त्याला मदत करील.

शनिवार, १८ नोव्हेंबर

जर्मनीहून कंपनीचं निवेदन आलंय. जगभरच्या सगळ्या कारखान्यांत कामगारांसमोर वाचायचं आणि वाचल्याचा फोटो पाठवायचा. नातवाचा हुकूम. हिंदीत करायचं काम माझ्याकडे.

लांगेसाहेबांनी आधी त्यावर लाल पेन फिरवलं. इथे अरब गिऱ्हाईक आहेत, राजकारण नको. म्हणून सालं काढली, लढाई काढली, हिटलर काढला, पोलंड आणि रशिया काढले, ज्यू काढले. जर्मनीचं नावही काढलं. जे उरलं ते अर्ध्या पानाचं झालं. बरंच झालं, मलाही तेवढंच काम.

मन लावून भाषांतर केलं. भाषा मला जमते, माझे वडील मराठीचे मास्तर होते. 'फॉरेन लेबरर्स'चं 'परदेसी मजदूर' केलं. 'पेपर्स'चं काय करावं? 'कागजात' म्हटलं तर पोरांना कळायचं नाही, म्हणून 'पासपोर्ट' लिहिलं.

रविवार, १९ नोव्हेंबर

कॅन्टीनमध्ये दुपारी वाचलं. दोन्ही शिफ्ट हजर. साहेब कॅमेरा घेऊन मागे उभे.

मी वाचलं ते असं होतं: हमारे कारखाने में परदेसी मजदूरों से उनकी मर्जी के खिलाफ काम लिया गया. उनके पासपोर्ट छीन लिए गए. बीमार लोगों को घर नहीं जाने दिया गया. कई लोगों की सेहत हमेशा के लिए बरबाद हुई. जो जानते थे, वे चुप रहे. कंपनी सर झुकाकर उन सबसे माफी माँगती है. उनका हक उन्हें दिया जाएगा.

पहिल्या दोन वाक्यांना चमच्यांचे आवाज येत होते, मग तेही थांबले. मला वाटलं, माझं वाचन प्रभावी होतंय. संपल्यावर टाळ्या झाल्या नाहीत. एक बिहारचा म्हातारा वेल्डर डोळे पुसत होता. रामचंद्र उठून माझ्याजवळ आला आणि त्याने माझे दोन्ही हात धरले. मी म्हणालो, ठीक आहे, ठीक आहे.

एवढं भारावून जाण्यासारखं त्यात काय होतं, कळलं नाही. साहेब म्हणाले, फोटो छान आलेत.

सोमवार, २० नोव्हेंबर

सकाळी ऑफिसला पोचलो तर खिडकीपासून गेटपर्यंत रांग. इस्त्रीचे शर्ट घातलेले, केस विंचरलेले. सगळ्यांत पुढे रामचंद्र.

"पासपोर्ट घ्यायला आलोय, साहेब. कोणी पळून जाणार नाही. काम करू. पण जवळ ठेवायचा."

मी म्हटलं, कोणी सांगितलं तुम्हाला?

"तुम्हीच. काल."

मी त्यांना समजावलं. ते तुमच्याबद्दल नव्हतं. जर्मनीतली जुनी गोष्ट आहे, लढाईतली, दुसऱ्या लोकांची. साठ वर्षं झाली. बोलता बोलता माझा मलाच आवाज खोटा वाटायला लागला, कारण मी जे जे सांगत होतो त्यातलं एकही वाक्य काल मी वाचलेलं नव्हतं. मागे कोणीतरी मल्याळममध्ये विचारलं, कोणीतरी त्याला सांगितलं. रांग हलली नाही.

रामचंद्र खिडकीच्या आणखी जवळ आला. मग हळू म्हणाला, "काल मी कार्डाचा फोन लावला. गावात वाण्याकडे फोन हाय, सोमनाथला धरून आणायला सांगितलं. त्याला म्हटलं, कंपनीनं सगळ्यांसमोर तुझी माफी मागितली. कॅस्मिरसाहेबांनी स्वतः वाचलं, तुझं नाव नाही घेतलं पण सगळ्यांना कळलं. लई रडला तो, साहेब. म्हणाला, साहेबांना सांग माझा राग नाही. म्हणाला, ते वाईट नाहीत, त्यांनी माझं नाव स्टेजसाठी दिलेलं."

मी टेबलावरचे कागद सारखे केले.

"आता त्याला काय सांगू?"

मी म्हणालो, काही सांगू नकोस. त्याला तसंच वाटू दे.

रामचंद्रने मान हलवली. ती होकाराची होती की कसली, मला कळलं नाही. शिफ्टचा भोंगा झाला. मी बाकीच्यांना म्हटलं, चला, कामाला लागा. आणि ते गेले. एकानेही आवाज चढवला नाही, एकाने शिवी दिली नाही. रामचंद्र गॉगल कपाळावर चढवून टाकीकडे गेला.

साहेबांनी इंटरकॉमवर विचारलं, लोकांना नीट समजलं का? मी म्हणालो, समजलं सर. मला माझीच किळस आली आहे आणि उद्याही मला त्याच खिडकीत बसायचं आहे.